लाल डोक्याचे दगड

आमच्या गावात लग्न लागलं की नवरी सरळ घरी येत नाही. आधी तिला जुन्या गावात नेतात. तिथं आता ना भिंत आहे ना छप्पर. बाभळी माजल्यात, आणि त्या बाभळींत ज्याला ज्याला आपल्या घराचा उंबरा सापडला त्यानं तो दगड तिथंच ठेवलाय. नवरीनं त्या उंबऱ्याला हळदीकुंकू लावायचं, तो ओलांडून आत, म्हणजे काट्यात, दोन पावलं टाकायची, आणि मग माघारी फिरून नव्या गावातल्या घरी येऊन माप ओलांडायचं. भूकंपात गेलेल्या माणसांना सून दाखवायची, बस. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, कुठल्या पोथीत नाही. आमचं आम्हीच सुरू केलं. सास्तूरकडचे पाहुणे नावं ठेवत नाहीत, त्यांनीही तेच भोगलंय. लांबच्या पोरी मात्र घाबरतात. एक नवरी तर तिथंच रडायला लागली होती, ‘इथं कोण राहतं?’ म्हणून. तिच्या सासूनं सांगितलं, ‘समदी राहत्यात.’

मी गावात पिठाची गिरणी चालवते. मला कळंबला दिलं होतं. नवऱ्याचं अन् माझं काही जमलं नाही, तेव्हा पिशवी उचलून परत आले आणि गिरणी टाकली. तोंडाळ आहे मी, असं गाव म्हणतं. म्हणू दे. दळण घेऊन माझ्याच दारात उभं राहावं लागतं त्यांना.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी माय. ती दिवसभर गिरणीत बसते, लोकांचं धान्य पाखडून देते, बायकांशी बोलते, हसतेसुद्धा. फक्त एक गोष्ट आहे तिची. लाईट गेली की गिरणीचा पट्टा थांबतो आणि इतक्या आवाजानंतर कानात एकदम पोकळी होते. त्या वेळी माय हातातलं सूप तसंच धरून मान तिरकी करते.

‘रडतंय का गं कोण?’

‘कोण न्हाय माय. लाईट गेली.’

‘व्हय?’ म्हणते, आणि पुन्हा पाखडायला लागते. मी लहान होते तेव्हा, पत्र्याच्या शेडात राहत होतो आम्ही, तेव्हापासून हे असंच. शेडावरचा पाऊस थांबला की तशीच मान तिरकी. गावातल्या बायकांना हे माहीत आहे. कुणी हसत नाही. पण मी खरं सांगते, मला त्या क्षणाची अजून भीती वाटते. वाटतं, एखाद्या दिवशी मलाही ऐकू आलं तर?

भूकंप झाला तेव्हा मी गावात नव्हते. मामाकडे होते, म्हणून वाचले. मला परत आणलं तोवर वडील गेलेले होते. आमच्यात माणसाला पुरतात, जाळत नाहीत. पण तेव्हा कोण कुठल्या रिवाजाचा हे बघायला कुणाला सवड होती? घरांचेच वासे काढून ढीग रचले आणि सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. वडीलही त्यातच. पण पाळण्यातलं पोर, माझा भाऊ, त्याला मायनं कुणाला हात लावू दिला नाही. तिनंच खड्डा केला. पाऊस लागून राहिलेला, कुत्री फिरायला लागलेली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून तिनं वरून जात्याचा वरचा दगड ठेवला. उंबऱ्याच्या डाव्या हाताला, एवढंच तिला आठवतं.

पण पुढे मोठ्या मशीन आल्या, ढिगारे लोटले, रस्ते मोकळे केले. आमचा उंबरा सापडला तो पहिल्या जागी होता का सरकलेला होता, ते देव जाणे. जात्याचा दगड काही सापडला नाही. तीस वर्षं झाली, माय त्या उंबऱ्याच्या आजूबाजूला फिरते. कधी इथं दूध ओतते, कधी तिथं. ‘इथंच आसंल’ म्हणते, आणि दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा, ‘का इथं?’ मी एकदा चिडून म्हटलं होतं, सगळीकडंच ओत एकदा आणि मोकळी हो. ती घरी येऊन जेवली नाही.

तर मागच्या थंडीत शेजारच्या अण्णांच्या पोराचं लग्न झालं. नवरीला घेऊन आम्ही बायका जुन्या गावात गेलो, आणि जाऊन बघतो तर काय, बाभळींच्या मधून नवे दगड बसवलेले. सिमेंटचे, गुडघ्याएवढे, डोकं लाल रंगानं रंगवलेलं आणि प्रत्येकावर नंबर. एका सरळ ओळीत, दर गल्लीत एखादा.

आता दुसरं कुठलं गाव असतं तर लोकांनी लगेच विचारलं असतं, कशाचा सर्व्हे, कुणाची हद्द. पण आम्हाला त्या भूकंपानंतर सगळ्याचा नंबरच मिळालेला. तंबूला नंबर, शेडला नंबर, नव्या घराला नंबर. मेलेल्यांची यादीसुद्धा नंबरानंच वाचली होती. त्यामुळं एक म्हातारी म्हणाली, ‘सरकारनं आपल्या माणसांचे दगड बसवले गं,’ आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, बरं का. मी स्वतः दहावी पास, रोज पेपर वाचणारी. पण त्या जागी गेलं की आमचं शहाणपण वेशीबाहेरच राहतं. नवरी राहिली बाजूला, बायका दगडांना हळदीकुंकू लावायला लागल्या. लाल डोकं दिसलं की हात आपोआप जातोच. कुणी पदराच्या गाठीतलं खोबरं ठेवलं. एकीनं सासऱ्याचं नाव घेऊन हंबरडा फोडला.

मी मायला शोधलं. ती आमच्या उंबऱ्यापाशी उभी होती. उंबऱ्याच्या डाव्या हाताला, चार हातांवर, एक लाल डोक्याचा दगड होता. ती त्याला हात लावत नव्हती. नुसती बघत होती. 

‘त्यांना कसं कळलं गं?’ ती म्हणाली. ‘म्या तर सरकारी मानसाला कवा सांगितलं न्हाय.’

त्या दिवसापासून माय बदललीच. दर सोमवारी जायची, दगड धुवायची, दूध घालायची. आधीसारखं इथं का तिथं असं नाही, नीट एका जागी. गिरणीत बसल्या बसल्या तिनं कापडाच्या तुकड्यांचं एक टोपडं शिवलं आणि त्या दगडाला घातलं. थंडीत बाळाच्या कानाला बांधतात तसं, खाली नाडीची गाठ मारून. मी दुरून बघितलं. झुडपात कुणीतरी लहान उभं आहे, असंच वाटलं. दुसरीकडं बघत मी म्हटलं, चल आता, दळणं पडलीत. पण मनातून मला बरं वाटत होतं. तीस वर्षांनी का होईना, माझी माय एका ठिकाणी बसून रडत होती.

आणि मग एका दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई ज्वारी घेऊन आला. डबा ठेवतानाच हसत होता.

‘अक्का, तुमी बायांनी कमाल केली. रेल्वेला हळदीकुंकू लावलं की!’

‘कुठली रेल्वे?’

‘ते दगड ओ. वाऱ्यासारखी पळणारी गाडी येणार हाय, तिची मोजणी चालू हाय. परवा साहेब येणार, गावात बैठक हाय.’ आणि परत हसला. ‘लई नवस केले आसतील तुमी!’

माझं डोकं सटकलं. त्याचा डबा उचलून मी रस्त्यावर ठेवला आणि म्हटलं, जा, रेल्वेत दळून घे. तो हसायचा थांबला. त्याचेही आजी-आजोबा तिथंच गेलेत. ‘म्या सहज बोललो ओ अक्का,’ म्हणत डबा घेऊन गेला.

मागं वळले तर माय सूप धरून बसलेली. सगळं ऐकलं होतं तिनं. मी पट्टा चालू केला, काही दळायचं नसताना. तिनं हातानंच खूण केली, बंद कर. मी बंद केला.

‘दगड रेल्वेचा आसंल,’ ती म्हणाली. ‘पर त्यो तिथंच का बसला? एवढं मोठं गाव पडलंय.’

‘माय, ओळीत बसवलेत ते. मशीन लावून सरळ रेघ मारली त्यांनी. कुठंतरी पडणारच एखादा.’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘पर तिथंच का?’

  त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापल्या, जेवली, आणि मला म्हणाली, बैठकीला म्या बी येणार.

बैठक मारुतीच्या देवळापुढच्या पत्र्याखाली भरली. पुढं साहेब, शेजारी सरपंच, भिंतीला मोठा नकाशा. साहेब भला माणूस दिसत होता, घसा बसेस्तोवर समजावत होता. गाडी किती वेगानं जाईल, मुंबई किती जवळ येईल. एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

‘इथं थांबणार का ओ ती?’

‘नाही बाबा. एवढ्या वेगाच्या गाडीला इथं थांबा देता येत नाही.’

‘मग आमाला काय? वारा?’

सगळे खो खो हसले. आमच्याकडं रेल्वे म्हणजे येडशीचं स्टेशन. तिथं रामलिंगाच्या दर्शनाला गेलं की पोरं गाडी बघायला थांबतात. ज्यात आपण बसायचंच नाही अशी गाडी आपल्या गावातून का जावी, हे काही लोकांच्या गळी उतरेना. जवान पोरं म्हणत होती, येऊ द्या, काम मिळेल. कुणी मावेजाचं, जमिनीच्या भरपाईचं, विचारत होतं. मग साहेबांनी काठीनं नकाशावर दोन रेघा दाखवल्या. एक जुन्या गावातून. ‘ही मोकळी जागा आहे, कुणाचं घर जात नाही.’ दुसरी पूर्वेच्या रानातून, विहिरींच्या पट्ट्यातून.

‘मोकळी जागा’ म्हटल्यावर पत्र्याखाली असं सामसूम झालं की साहेबांनाही कळलं, आपण काहीतरी बोलून गेलो.

आणि त्या सामसुमीत अण्णा उठले. ज्यांच्या सुनेला आम्ही मिरवत जुन्या गावात नेलं होतं तेच. ‘जुन्या गावातनं घ्या साहेब,’ म्हणाले. ‘रान देणार न्हाय.’

मला राहवलं नाही. मी बायकांतून उभी राहिले. ‘अण्णा, सुनेला कुणाचा उंबरा दाखवला तुम्ही? आईबाप तिथं हायत म्हणून दाखवला ना? का खामखा काट्यातनं फिरवलं त्या पोरीला?’

अण्णा माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पार उतरला. ‘अक्का,’ ते म्हणाले, ‘तुमचं रान बी त्याच पट्ट्यात हाय. नकाशा नीट बघा. मग बोला मला.’

मी बघितला. आमचा तुकडा, आमची विहीर, सगळं त्या दुसऱ्या रेघेखाली. गिरणीवर आम्हा दोघींचं भागत नाही, खरं पोट त्या रानावर. मी तोंडाळ बाई. खाली बसले. एकीकडं भाऊ आणि एकीकडं भाकरी, आणि निवडा म्हणे. राग आला, आणि तो नेमका कुणाचा करायचा तेच कळेना.

तेव्हा माय उठली. तिनं ना साहेबांकडं बघितलं, ना नकाशाकडं. तिनं विचारलं, ‘ते दगड कुणी बसवले?’

साहेबांनी मागं बघितलं. मागं ठेकेदाराचा मुकादम उभा होता, डोक्याला टॉवेल बांधलेला, साधारण माझ्या वयाचा. ‘आमीच बसवले मावशी,’ तो म्हणाला.

‘उंबऱ्याजवळचा बी? टोपडं घातलेला?’

पुन्हा मोजणीला आला तेव्हा ते टोपडं त्यानं बघितलेलं असणार, त्याला आठवलं. मला दिसलं त्याच्या तोंडावर. ‘व्हय.’

‘खड्डा करताना खाली काय लागलं का?’

त्यानं साहेबांकडं बघितलं, सांगू का नको म्हणून. मग म्हणाला, ‘जात्याचा दगड लागला मावशी. वरचा, भोकाचा. आमी त्यो काढून पलीकडच्या बाभळीच्या जाळीत टाकला, अन् त्याच खड्ड्यात दगड बसवला. आयता खड्डा मिळाला म्हणून.’

माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात घट्ट धरला. गावातल्या जुन्या माणसांना तेवढ्यात कळलं.  सरळ रेघेतला दगड नेमका तिथंच बसला होता. माय तीस वर्षं चार हातांच्या अंतरावर दूध ओतत होती.

‘अन् त्याच्या खाली?’ मायनं विचारलं.

‘त्याच्या खाली काय न्हाय.’

‘नीट सांग बाबा. काळा करदोडा, चांदीचा मणी ओवलेला? बारीक हाडं?’

मुकादमानं डोक्याचा टॉवेल काढला. ‘न्हाय ओ मावशी. आईशप्पथ न्हाय. म्या सोता उकरलंय. बाकी सगळीकडं पहार वाजत हुती, लई दगडगोटा हाय तिथं. त्या एका जाग्याला मऊ माती. हातानं निघत हुती. नुसती माती.’

   मायनं पदरानं तोंड पुसलं आणि साहेबांकडं वळली.

‘मग जाऊ द्या गाडी तिथनं,’ म्हणाली. ‘रान मोडू नका.’

‘माय!’ मी ओरडले. सगळ्या गावासमोर ओरडले. ‘काय बोलतीस तू?’

‘माती झाली गं त्याची,’ ती मला म्हणाली, जसं काही आम्ही दोघीच होतो तिथं. ‘म्या समजत हुते तसाच आसंल, दगडाखाली. म्या येवढा जड दगड ठिवला त्याच्यावर. म्हणून रडतंय, म्हणून म्या ऐकत हुते. त्यो न्हाईच तिथं. कवाच गेला.’

मग ती खाली बसली. अण्णा डोकं धरून बसले होते. साहेब हळू आवाजात म्हणाले की अजून काही पक्कं नाही, दोन्ही म्हणणी वर कळवतो. बैठक तशीच उठली, चहा कुणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न बोलावता अण्णा बैलगाडी घेऊन दारात उभे राहिले. ‘चला वहिनी,’ मायला म्हणाले, ‘त्यो दगड घेऊन येऊ.’ तिघं गेलो. जात्याचा दगड पलीकडच्या बाभळीच्या जाळीत, वाळल्या गवतात पालथा पडला होता. एका बाजूला मातीचा काळा डाग अजून होता. अण्णांनी आणि मी मिळून तो गाडीत घातला. मायनं लाल डोक्याच्या दगडाचं टोपडं सोडलं, झटकलं, घडी करून कमरेला खोचलं. बाकी काही केलं नाही. दूध आणलं नव्हतं. जाताना तिनं मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं. टोपड्याशिवाय तो दगड नुसता दगड दिसेल असं मला वाटलं होतं, पण नाही दिसला.

जात्याचा दगड गिरणीच्या दारात पायरी म्हणून बसवलाय. मायचीच इच्छा. लोक त्यावर डबे टेकवतात. रेल्वेचं पुढं काही कळलेलं नाही. कुणी म्हणतं येणार, कुणी म्हणतं रद्द झाली. लाल रंग उन्हानं विटत चाललाय. अण्णांच्या धाकट्याचं लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि नवरीला जुन्या गावात न्यायचं का नाही, यावर त्यांच्या घरात भांडणं चालू आहेत.

आता लाईट गेली तरी माय थांबत नाही. तिचं सूप चालूच राहतं, सरसर, सरसर. परवा पट्टा थांबला, तशी माझी मान तिरकी झाली आणि हात वर करून मी तिला म्हटलं, जरा गप बस गं. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

‘काय गं?’

‘काय न्हाय,’ मी म्हटलं. ‘लाईट गेली.’